बेळगाव–पुणे लोहमार्ग : जुनाच मार्ग नव्याने बांधून वेगवान करावा, की वेगळ्या मार्गावर पैसा घालावा?

रूळवाट

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बेळगावहून पुण्याला वंदे भारत गाडीने जाण्याचा योग आला. आई खिडकीशी डुलकी घेत होती आणि मी हातातल्या घड्याळावर रुळाकडेच्या किलोमीटरच्या फलकांची वेळ मोजत होतो. एका फलकापासून पुढच्या फलकापर्यंत ३३ सेकंद लागले तर गाडी ताशी सुमारे ११० किलोमीटरने धावत आहे असे समजावे, आणि ६० सेकंद लागले तर ताशी ६०. मोकळ्या रानात ३३-३४ सेकंद मिळत होते. मात्र एखादे मोठे यार्ड, नव्या कामाची जागा किंवा वळण आले की तोच किलोमीटर सव्वा मिनिटाचा, कधी दोन मिनिटांचा होत होता. घरी येऊन हिशेब केला. हुबळी ते पुणे हे सुमारे ५५८ किलोमीटरचे अंतर ही गाडी साडेआठ तासांत कापते, म्हणजे सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरच्या आसपास पडतो. गाडी १६० ने धावण्यास योग्य ठरलेली आहे. मग उरलेला वेग जातो कुठे?

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाद सरळ होईल. आपल्या सीमाभागाला पुण्या-मुंबईशी जोडणारा जुना मार्गच नव्याने बांधावा, आणि त्या बांधणीतला पहिला पैसा सर्वांत वेगवान पट्ट्यांवर न घालता सर्वांत मंद जागांवर घालावा. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरीकरणाचे उद्घाटन झाले, त्याचा खर्च सुमारे ९३० कोटी रुपये सांगितला गेला. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण ९ कोटी. याउलट मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज ५०८ किलोमीटरला १ लाख ८ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरला २१० कोटींहून अधिक होता. मुंबई–पुणे–हैदराबाद या ७११ किलोमीटरच्या वेगवान मार्गाचा विचार झाला, तोही सोलापूरच्या बाजूने. आपल्या दारी ती गाडी येण्याची वाट पाहण्यात आणखी एक पिढी घालवावी, असे मला वाटत नाही.

आपले अनुभव आणि विरोधी मते दोन्ही मनापासून हवी आहेत.

---

उगार_प्रवासी

आपण दोन मिनिटांचा किलोमीटर लिहिला आहे, तो मी आठवड्यातून दोनदा अनुभवतो. रानात कमावलेली वेळ स्टेशनाच्या तोंडाशी जाते, हे अगदी खरे.

---

खडी_आणि_रूळ

रूळवाट, आपण घड्याळ लावून मोजलेत याचा फार आनंद झाला. मी चौतीस वर्षे रेल्वेमार्गाच्या देखभालीत काढली आहेत आणि आता टिळकवाडीत निवृत्त जीवन जगतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम अंकगणित पाहू. शंभर किलोमीटर सलग ११० च्या वेगाने धावल्यास साडेचोपन्न मिनिटे लागतात आणि १३० च्या वेगाने सुमारे ४६. म्हणजे शंभर किलोमीटरभर मार्ग सुधारून आपण जेमतेम आठ मिनिटे वाचवली. आता असे समजा की वाटेत ठिकठिकाणी मिळून दहा किलोमीटर अंतर गाडी ३० ने सरपटते आहे. तिथे वीस मिनिटे जातात. त्याच दहा किलोमीटरांत वेग ६० केला, तर दहा मिनिटे वाचली. म्हणजे दहा किलोमीटरच्या कामाने शंभर किलोमीटरच्या कामापेक्षा अधिक वेळ दिला. शिवाय ११० वरून ३० वर येताना ब्रेक लावण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळ मी यात धरलेलाच नाही.

आता जुना मार्ग नव्याने बांधणे म्हणजे काय, ते पाहू. नवे रूळ टाकले एवढ्याने मार्ग नवा होत नाही. सर्वांत खाली भराव असतो. त्यावर चांगल्या मुरमाचा थर, त्यावर तीस सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खडी, खडीत काँक्रीटचे स्लीपर, किलोमीटरला १६६० च्या हिशेबाने, आणि त्यावर मीटरला ६० किलो वजनाचा रूळ बसतो. कारखान्यात तेरा मीटरचे वीस तुकडे जोडून २६० मीटरचा एक लांब रूळ तयार होतो आणि असे लांब रूळ जागेवर आणून एकमेकांना वेल्ड केले जातात. हे जागेवरचे वेल्डिंग ज्याने जवळून पाहिले तो विसरणार नाही. दोन रुळांच्या टोकांमध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवायची, भोवती साचा बसवून कडा मातीने लिंपायच्या, टोके लालबुंद होईपर्यंत तापवायची आणि मग वरच्या भांड्यातली पूड पेटवून वितळलेले पोलाद त्या फटीत सोडायचे. सगळे मिळून काही मिनिटांचे काम, पण फट दोन मिलिमीटरने चुकली किंवा साच्यात ओल राहिली, तर तो सांधा पुढे कधीतरी हिवाळ्याच्या पहाटे तुटणार हे नक्की. वेग वाढवायचा म्हणजे असा प्रत्येक सांधा नीट हवा, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ११० चे १६० केले की ती दुपटीहून अधिक होते.

तिसरी गोष्ट यार्डाची. लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला उभी करण्याच्या रुळावर, नेणारा साधारण १:१२ चा पॉइंट (रूळ बदलण्याची जागा) ३० च्या वेगासाठी असतो. एकेरी मार्ग होता तेव्हा क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी जाऊ देण्यासाठी, कोणीतरी लूपमध्ये जायचेच. दुहेरीकरणाने हे क्रॉसिंग संपते, आणि माझ्या मते आपल्या मार्गावर वेळ वाचवणारी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. पुणे–मिरज–लोंढा हा ४६७ किलोमीटरचा दुहेरीकरणाचा प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचा.

---

हिशेबनीस

काकांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या गणिताबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तरीही मूळ मताला माझा विरोध आहे, आणि तो पैशाच्या बाजूने आहे.

चालू मार्गावर काम करणे ही जगभर महागडी गोष्ट ठरली आहे, कारण दिवसा गाड्या धावत असतात आणि काम रात्री गाड्या थांबवून मिळालेल्या दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये उरकावे लागते. ब्रिटनमध्ये लंडनहून ग्लासगोकडे जाणारा पश्चिम किनाऱ्याचा जुना मार्ग ताशी २२५ किलोमीटरसाठी सुधारायचे ठरले होते. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढून सुमारे ९ अब्ज पौंडांवर गेला आणि शेवटी २०० वर समाधान मानावे लागले. जर्मनीत हॅम्बुर्ग–बर्लिन हा जुनाच मार्ग सुधारून २००४ मध्ये २३० वर नेला. ते यश मी मान्य करतो, पण त्याच मार्गाच्या दुरुस्तीसाठी ऑगस्ट २०२५ पासून तो कित्येक महिने पूर्ण बंद ठेवण्याची वेळ आली. बेळगाव–मिरज मार्ग असा सहा महिने बंद ठेवला, तर आपण काय करणार?

नवा मार्ग बांधताना कोणाची गाडी थांबत नाही. शिवाय मोठ्या प्रकल्पाला स्वस्त कर्ज मिळते. मुंबई–अहमदाबादसाठी जपानने ०.१ टक्के व्याजाने पन्नास वर्षांच्या मुदतीचे कर्ज दिले, त्यातही पहिली पंधरा वर्षे परतफेड नाही. जुन्या मार्गाच्या डागडुजीला असे कर्ज कोण देणार? दर अर्थसंकल्पात तुकड्या-तुकड्याने निधी मिळणार, आणि तुकड्यांत मिळालेल्या पैशाने तुकड्यांतच काम होते.

---

तिसरे_गेट

बेळगावात ज्यांनी तिसऱ्या रेल्वे गेटाशी फाटक पडल्यावर दुचाकी बंद करून उन्हात वाट पाहिली आहे, त्यांना या चर्चेतली अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. फाटकाने रस्ता थांबतो हे सर्वांना दिसते. पण फाटक वेळेवर पडले नाही तर सिग्नल मिळत नाही आणि गाडीही बाहेर थांबते, हे गाडीत बसलेल्यालाच कळते. कपिलेश्वरजवळचा उड्डाणपूल झाला तेव्हा शहराच्या त्या बाजूने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. वेगवान मार्गाचा पैसा मोजताना या पुलांचा खर्चही त्यातच मोजावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

शिकागोतला_शहापूरकर

मी मूळचा शहापूरचा, गेली अकरा वर्षे अमेरिकेत शिकागोजवळ राहतो. रूळवाट यांनी मांडलेला प्रश्न इथे प्रत्यक्ष घडून गेला आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

शिकागो ते सेंट लुइस हे अंतर २८४ मैल, म्हणजे सुमारे ४५७ किलोमीटर आहे. पुणे–लोंढा ४६७ आहे हे काकांच्या प्रतिसादात वाचले आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. इथेही नवा मार्ग न बांधता मालगाड्यांच्या एका खासगी कंपनीच्या मालकीचा जुनाच मार्ग निवडला गेला. २००९ च्या मंदीनंतर केंद्र सरकारने वेगवान रेल्वेसाठी ८ अब्ज डॉलर काढले, त्यातला मोठा वाटा या मार्गाला मिळाला आणि एकूण खर्च सुमारे २ अब्ज डॉलर झाला. रूळ बदलले, स्लीपर काँक्रीटचे केले, गाड्या एकमेकींना ओलांडाव्यात म्हणून जादा रूळ टाकले आणि मक्याच्या शेतांतून जाणाऱ्या रस्त्यांच्या फाटकांना चार-चार दांड्या बसवल्या, म्हणजे अर्ध्या दांडीला वळसा घालून कोणी आत शिरू नये. ताशी ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर हा वेग २०१२ मध्ये ड्वाइट आणि पाँटियाक या दोन गावांमधल्या छोट्याशा पट्ट्यात सुरू झाला आणि जवळपास संपूर्ण मार्गावर यायला जून २०२३ उजाडले.

आता फळ काय मिळाले ते सांगतो. पूर्वी साडेपाच तास लागत, आता साधारण पावणेपाच लागतात. म्हणजे १७७ ने धावणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ९६-९७ च्या घरात आहे. कारण दोन्ही टोकांना शहरे आहेत. शिकागोतून बाहेर पडताना आणि सेंट लुइसमध्ये मिसिसिपी ओलांडताना गाडी मालगाड्यांच्या गर्दीत हळूहळूच चालते. त्या टोकांवरचे काम अवघड आणि महाग म्हणून मागे ठेवले गेले. इथले प्रवासी समाधानी आहेत, मीही आहे, पण तेरा-चौदा वर्षे थांबून पाऊण तास मिळाला याचे दुःखही आहे. त्यामुळे मंद जागा आधी, हे रूळवाट यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. पुण्याचे आणि मिरजेचे यार्ड शेवटी ठेवले, तर आपलेही असेच होईल.

---

गर्लगुंजी_शिवार

आतापर्यंत सगळ्यांनी रूळ, डबे आणि मिनिटे यांबद्दल लिहिले. रूळ ज्याच्यावर बसतात त्या जमिनीबद्दल मी लिहितो.

बेळगाव–कित्तूर–धारवाड हा ७३ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला. खर्चाचा आरंभीचा अंदाज ९२७ कोटींचा होता, आणि जमीन राज्याने द्यायची आहे. लोंढ्यावरून जाणारा १२१ किलोमीटरचा वळसा वाचेल हे मला समजते. पण तो मार्ग देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी भागातल्या ज्या शिवारातून आखला गेला, ते वर्षाला दोन पिके देणारे शिवार आहे. पावसाळ्यात भात, भात कापले की त्याच ओलीवर मसूर, माळाच्या बाजूला रताळी. पड जमिनीवरून मार्ग न्या, एवढेच शेतकरी सांगत होते. माझ्या वडिलांनी मोजणीचे दगड बांधावर पाहिले त्या दिवशी ते जेवले नाहीत. आमच्या वाट्याची जमीन पुढे वगळली जाईल, न जाईल, पण तो दगड अजून तिथे आहे आणि दर पावसाळ्यात चिखलणी करताना नांगर त्याच्या अंगावरून वळवावा लागतो.

म्हणून हिशेबनीस साहेबांना विचारतो, नवा मार्ग बांधताना कोणाची गाडी थांबत नाही हे खरे, पण कोणाचा नांगर थांबतो, ते आपल्या हिशेबात कुठल्या रकान्यात येते? जुन्या मार्गाची जमीन शंभर वर्षांपूर्वीच गेलेली आहे. मी या धाग्यावर रूळवाट यांच्या बाजूने आहे, आणि माझे कारण एवढेच आहे.

---

हिशेबनीस

आपला प्रश्न योग्य आहे आणि तो रकाना माझ्या हिशेबात नव्हता, हे मी मान्य करतो.

---

खडी_आणि_रूळ

गर्लगुंजीच्या दादांना मला एक अप्रिय गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुना मार्ग वेगवान करायचा तर त्यालाही काही ठिकाणी जमीन लागते, आणि ती वळणांवर लागते.

आम्ही वळण मोजतो ते दोरीने. वीस मीटर लांबीची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची आणि बरोबर मध्यभागी दोरी व रूळ यांतले अंतर मोजायचे. ते ११४ मिलिमीटर आले, तर वळण चार अंशांचे, त्रिज्या सुमारे ४३७ मीटर. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, त्याला आम्ही कँट म्हणतो. तो जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर देता येतो. एवढे सगळे देऊनही अशा वळणावर नेहमीच्या नियमाने ताशी ८७ च्या आसपासच वेग मिळतो. मार्ग तिथे चाळीस अंशांनी वळत असेल आणि त्रिज्या दुप्पट, म्हणजे ८७५ मीटर करायची असेल, तर वळणाचा मध्य सुमारे २८ मीटर आतल्या बाजूला सरकतो. ते २८ मीटर कोणाच्या तरी शेतातलेच असतात.

आता यातली खरी गोम पाहा. ८७५ मीटरच्या वळणावर १६५ चा कँट दिला तर हिशेबाने १२० च्या वर जाता येईल. पण त्याच रुळावरून ६० च्या वेगाने मालगाडीही जाते. एवढा कँट असेल तर तिचा जास्त भार आतल्या रुळावर येतो आणि तो रूळ चेपत जातो. म्हणून मालगाडीचा विचार करून कँट १३०-१३२ च्या पुढे नेता येत नाही, आणि प्रवासी गाडीला ११५ च्या आसपास थांबावे लागते. मिश्र वाहतुकीच्या जुन्या मार्गाची ही मर्यादा कितीही पैसा ओतला तरी जात नाही. त्यामुळे जुन्या मार्गावर सरसकट १६० चे स्वप्न दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ११० ते १३० आणि तेही अखंड, एवढे मिळाले तर बेळगावचा माणूस सकाळी निघून पुण्यातले काम उरकून रात्री घरी येईल. आदर्की आणि शिंदवण्याच्या घाटात तेही मिळणार नाही, तिथे घाट हा घाटच राहणार.

जमिनीपुरते माझे मत असे की प्रत्येक वळण सरळ करण्याच्या मागे लागू नये. ज्या वळणाच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे लांब सरळ पट्टा आहे, तेच घ्यावे. स्टेशनाला लागून असलेले वळण सुधारून काय मिळणार, गाडी तिथे थांबणारच असते.

---

खानापूरची_लेक

काका, आपले लेखन वाचून माहेरच्या स्टेशनावर बसल्यासारखे वाटले. माझे वडील गेटमन होते, त्यामुळे कँट आणि कॉशन (गाडी हळू चालवण्याची सूचना) हे शब्द मी पाढ्यांबरोबर शिकले.

माझा मुद्दा वेगळा आहे. वेग कोणासाठी, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. जलद गाडी खानापुरात थांबत नाही, थांबली तर तिचा वेग जातो. तिला पुढे जाऊ द्यायचे म्हणून पॅसेंजर लूपमध्ये उभी राहते. दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन मिरजेला दवाखान्यात निघाले होते. गाडी एका लहानशा स्टेशनावर पाऊण तास उभी होती, पंखे बंद, फलाटावर पाण्याचा नळ कोरडा, आणि शेजारच्या रुळावरून एकामागून एक दोन गाड्या निघून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्या गाडीतल्या लोकांचं काम आपल्यापेक्षा महत्त्वाचं असेल गं." त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते, म्हणूनच मला ते आजही टोचते.

आणि बेळगाव–कित्तूर–धारवाड मार्ग झाला, तर देसूरच्या पुढे गाड्या तिकडून वळतील. खानापूर तालुका बाजूला पडेल. आमच्याकडून पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या मुलांची संख्या पाहता हे लहान नुकसान नाही. जुन्या मार्गात पैसा घालावा, या मताची मीही आहे, परंतु त्या पैशातून पॅसेंजर गाड्यांची संख्या आणि वेळ दोन्ही सुधारली पाहिजे, अशी अट त्याला असावी.

---

निपाणीकर

ताई, आपल्याकडे निदान पॅसेंजर लूपमध्ये उभी राहते. निपाणीला, संकेश्वरला रूळच नाहीत. कोल्हापूर–बेळगाव अंतर रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर आहे, पण रेल्वेने जायचे तर मिरजेला वळसा घालून. ही थेट मार्गाची मागणी किती जुनी आहे ते सीमाभागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जुन्या मार्गावरच सगळा पैसा गेला, तर आमच्या वाट्याला काय?

---

रूळवाट

निपाणीकर, आपली व्यथा पूर्ण समजते. जिथे रूळच नाहीत तिथे ते पहिल्यांदा टाकणे आणि जिथे आहेत तिथे ते सुधारणे, ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाच्या पैशातून दुसरे होणार नाही. कोल्हापूर–बेळगाव मार्गासाठी स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे आपल्याबरोबर आहे. इथे मिरजेचा वळसा असलेल्या मार्गापुरतेच राहू.

---

काळवट_रान

रायबागकडचा आहे, स्थापत्यशास्त्र शिकलो आहे आणि काही वर्षे भरावाच्या कामांवर होतो. एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे.

खानापूरकडे लाल माती आणि जांभा आहे, तो पाणी धरून ठेवत नाही. घटप्रभा ओलांडून चिक्कोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडचीकडे आलात की काळी माती सुरू होते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर खडी टाकली की दोन पावसाळ्यांत खडी खाली बसते, चिखल वर येतो आणि रूळ खालीवर होऊ लागतो. मग कॉशन लागते, म्हणजे चालकाच्या हातात कागद दिला जातो की या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत गाडी अमुक वेगाने चालवावी. टॅम्पिंगचे यंत्र येते, रूळ उचलते, खडी ठोकते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होते. मी ज्या कामावर होतो तिथे एका कंत्राटदाराने मुरमाचा थर ठरल्यापेक्षा पातळ टाकला. वर खडी पसरली की तो दिसत नाही. पहिल्या पावसात आम्ही तिथे बोट घातले, तर दुसऱ्या पेरापर्यंत काळा चिखल लागला. ते काम पुन्हा करावे लागले, पण मधले चार महिने गाड्या सरपटत गेल्या.

म्हणून गुंतवणूक कुठे करावी असे विचाराल तर मी म्हणेन, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात. रूळ आणि स्टेशने दिसतात, त्यांची उद्घाटने होतात. मुरमाचा थर आणि पाणी काढणारी गटारे कोणाला दिसत नाहीत, पण वेग त्यांच्यावरच उभा असतो.

---

उगार_प्रवासी

चिंचलीच्या मायाक्का यात्रेच्या दिवसांत त्या पट्ट्यात गाडीच्या दारात उभे राहिल्यावर खालचा हेलकावा पायांना कळतो. आता कारण समजले. मनापासून आभार.

---

हिशेबनीस

तीन दिवस हा धागा वाचतो आहे आणि माझे मत काही अंशी बदलले आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

मी परतफेडीचा विचार तिकिटाच्या पैशातून करत होतो. पण काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या तिकिटावरच छापलेले असे की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतो. म्हणजे प्रवासी गाडीचा वेग वाढवून तिकिटातून भांडवल परत येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. ते परत येते ते दुसऱ्या वाटांनी. मिरजेच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचलेला रुग्ण, बेळगावात राहून पुण्यातले काम सांभाळणारा तरुण, फाटकावर न थांबलेली रुग्णवाहिका यांतून ते येते. त्यामुळे एका रुपयात किती लोकांची किती मिनिटे वाचतात, हा निकष मला आता अधिक योग्य वाटतो. बेळगाव–पुणे हे सुमारे ४१५ किलोमीटर बुलेट ट्रेनच्या दराने बांधायचे तर ८८ हजार कोटींच्या घरात रक्कम जाते. संपूर्ण देशाच्या रेल्वेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातून सुमारे २ लाख ५२ हजार कोटी भांडवली मदत मिळाली, हे पाहता एवढी रक्कम एकट्या आपल्या मार्गाला मागण्याचे धैर्य माझ्यात नाही.

तरीही माझी एक हरकत कायम आहे. तुकड्या-तुकड्याने निधी आला तर काम रेंगाळते, हे शिकागोच्या अनुभवातही दिसले. म्हणून मागणी करायची तर यार्ड, भराव, निवडक वळणे आणि फाटके यांची एकत्रित करावी आणि तिला मुदत मागावी. फाटकांच्या बाबतीत नियम आपल्या बाजूने आहे. एखाद्या फाटकावरून दिवसाला जाणाऱ्या गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार एक लाखाच्या वर गेला, तर ते फाटक पुलासाठी पात्र ठरते आणि खर्च रेल्वे व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तिसरे_गेट यांच्यासारख्या नागरिकांनी वाहनांची मोजणी करून ती मांडली, तर तिला वजन येईल.

---

गर्लगुंजी_शिवार

काकांनी २८ मीटरचे जे लिहिले, ते वाचून आधी मन खट्टू झाले. नंतर विचार केला की कोणीतरी आधी खरे आकडे सांगितले. आमच्या गावात मोजणीचा दगड आधी आला आणि कारण नंतर कळले. वळणासाठी पाच गुंठे द्यायचे असतील, त्याने किती मिनिटे वाचतील हे समोर बसून कोणी सांगणार असेल आणि उरलेल्या तुकड्यात जायला भुयारी वाट मिळणार असेल, तर बोलणी होऊ शकतात. सारे शिवार उभे कापणे आणि कडेचा घास घेणे यांत शेतकऱ्याला फरक कळतो.

---

रूळवाट

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले. मूळ प्रश्नावर माझे मत कायम आहे, पण ते जसे लिहिले होते तसे राहिलेले नाही. मी सर्वांत मंद जागा म्हणालो तेव्हा माझ्या मनात केवळ जलद गाडीच्या मंद जागा होत्या. खानापूरच्या ताईंच्या सासूबाई ज्या स्टेशनावर पाऊण तास बसून राहिल्या, तीही मंद जागाच आहे, आणि ती माझ्या घड्याळात आलीच नव्हती.

पुढच्या रविवारी मी बेळगावहून मिरजेपर्यंत पॅसेंजरने जाऊन तेच मोजमाप करणार आहे. उगार_प्रवासी उगारपासून बरोबर येतील का? परतीच्या दिशेने काळवट_रान यांनी कुडची ते घटप्रभा हा पट्टा घेतला, तर दोन्ही बाजूंची नोंद होईल. काका, मोजताना नेमके काय लिहून घ्यावे, एवढे सांगावे.

---

खडी_आणि_रूळ

विजेच्या खांबांवर क्रमांक असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. गाडी जिथे मंद झाली त्या खांबाचा आणि जिथे पुन्हा वेग घेऊ लागली त्या खांबाचा, असे दोन्ही क्रमांक लिहा. वेळ सेकंदांसह लिहा. बाहेर पिवळा फलक दिसला तर त्याच्यावरचा आकडा लिहा, तो कॉशनचा वेग असतो. गाडी लूपमध्ये गेली तर ती कोणासाठी थांबली, तेही लिहा. आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी जागा धरा. दुहेरी मार्गावर गाडी डाव्या रुळाने जाते, म्हणजे त्या बाजूचे फलक आणि खांब जवळून वाचता येतात.

---

उगार_प्रवासी

रविवारी उगारच्या फलाटावर असेन. वही माझ्याकडे आहे, घड्याळ आपण आणावे.